सर्जच्या आधी शिट्टी

अर्थ कळला नव्हता, तरी मी "कळलं" म्हणालो.

मळवलीच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर बंधारा घातलेलं एक रिसॉर्ट आहे. तिथं मी वॉचमन लागलो. पहिल्याच दिवशी मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना बसवून इंग्रजी कागद वाचला. शेवटी मराठीत म्हणाला, "सर्जच्या आधी शिट्टी वाजवायची."

मी उठून उभा राहिलो. "सर, सर्ज म्हणजे?"

"बी.ए. ना तू?" त्यानं रजिस्टरात माझं आडनाव पुन्हा पाहिलं. "अच्छा. कोट्यातलं बी.ए."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्यावर हसायचं असलं की मी पहिल्या रांगेत.

"आता कळलं?"

"कळलं, सर." खाली बसलो.

मोबाईल खिशातच होता. बघता आलं असतं. पण तो शब्द आठवला की ते हसणं ऐकू यायचं. फिरकलोच नाही तिकडं.

आठवड्यानं भर दुपारी वॉकीटॉकी खरखरला. "सर्ज इन फाइव्ह मिनिट्स." मला वाटलं, कुणी बडे पाहुणे येताहेत. टोपी सरळ केली. शर्ट खोचला. गळ्यात शिट्टी, गाडी दिसली की वाजवायची, आणि मी फाटकाकडं तोंड करून सलामाच्या तयारीत.

पाठीमागं बंधाऱ्याची दारं उघडली.

खाली ओढ्यात आबा, माझे वडील, खेकडे धरत होते. पाणी गढुळलं, पाचोळा वाहत आला, की काठावर यायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. बंधाऱ्याचं पाणी नितळ. ते सांगून येत नाही. सांगायला मी होतो.

आबा संध्याकाळी करवंदीच्या जाळीत सापडले. खेकड्यांची पिशवी मनगटाला तशीच.

जलदानविधी उरकल्यावर शब्द शोधला. सर्ज म्हणजे लोंढा. आमच्याकडं शेंबडं पोरही ओळखतं. मूळ लॅटिन, अर्थ 'उठणे'. मी उठलो होतो की त्या दिवशी. हसले, म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या कातळावर तांबड्या रंगानं लिहिलं. 'शिट्टी झाली की लोंढा येतो. बाहेर या.'

मॅनेजर म्हणाला, "व्ह्यू खराब होतो. पूस."

"पुसणार नाही. आणि तो कागद आता मराठीत वाचायचा. सगळ्यांसमोर. तोवर मी बसणार नाही."

घरी आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "एवढा शिकलास, पन पानी येतंय एवढं सांगाया तुला बाप मराया लागला."