कल्याणची ती मुलगी

हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्यापासून लपवलेली गोष्ट म्हणाल तर ही एवढीच — बाकी आमच्या घरात लपवण्याजोगं होतं तरी काय? ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बहिणीला सांगायचं एकदा मनात आलं होतं, पण ती लगेच म्हणाली असती, "अगं, एवढं काय त्यात!" आणि मला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं. तुम्हीही तसं म्हणू नका. नुसतं ऐका.

मी भिवंडीत मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. संध्याकाळी घरी, ब्राह्मण आळीत, क्लास. दोन पेट्या, एक तंबोरा, जाजमावर दहा-बारा मुली — वकिलांच्या, मास्तरांच्या, बँकेतल्या लोकांच्या. माझं स्वतःचं गाणं ठाण्याला एका बुवांकडे झालं. दर रविवारी एसटीने जाऊन, उलट्या सोसत शिकले मी. गळा स्वच्छ, सूर पक्का — आणि रेडिओच्या ऑडिशनला दोनदा नापास. का, ते कुणी सांगितलं नाही. मला माहीत होतं. माझं गाणं ऐकून कुणाला काही व्हायचं नाही.

आजही माझ्या जुन्या विद्यार्थिनी बाजारात भेटल्या की भर रस्त्यात वाकून नमस्कार करतात. नको म्हटलं तरी करतात. मग मी तोंड भरून आशीर्वाद देते आणि घरी येऊन दार लावून बसते.

सुजाता जाधव आठवीत होती. सत्त्याऐंशी साल असेल. नारपोलीहून शाळेला यायची. तिचे वडील काशीनाथराव वीज खात्यात लाइनमन होते, आणि त्यांची जयंतीच्या गाण्यांची पार्टी होती — ढोलकी, पेटी, बुलबुल, मागे सहा कोरसवाले, सगळे नोकरी-धंदा सांभाळून गाणारे. शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात म्हणून सराव शुक्रवारी. ही पोर पाच-सहा वर्षांची असल्यापासून बापाच्या मांडीला मांडी लावून गायची. बाप काळी एकमध्ये गायचा, म्हणून तीही काळी एकमध्ये. पेटीची माहिती नसेल तर एवढंच ध्यानात घ्या, की ही पट्टी पुरुषांना सोयीची, बाईच्या गळ्याला फार उंच. बायकांना आम्ही काळी चार द्यायचो, चांगली खालची. ठाण्याच्या बुवांनी मलाही तीच दिली होती.

एकदा मी काशीनाथरावांना विचारलं, मुलीला एवढ्या वर का गायला लावता? ते हसले. "बाई, शुक्रवार सोडला तर आमच्याकडं सकाळपास्नं लूम चालू. खालनं गायलं तर आपलं आपल्यालाच ऐकू येत न्हाय." मी हे उत्तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, आणि आम्ही पोट धरून हसलो.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझ्या क्लासच्या मुलींचं समूहगीत होतं. महिनाभर घोटून घेतलेलं. झालं, टाळ्या पडल्या, जशा पडायला हव्यात तशा. मग नाटकवाल्यांची रंगरंगोटी आटपेना, म्हणून कुणीतरी सुजाताला पुढे ढकललं. तिने बापाने रचलेलं गाणं म्हटलं — रस्त्यावरच्या विजेच्या खांबाखाली पोराला अभ्यासाला बसवून स्वतः अंधारात उभ्या राहणाऱ्या आईचं. पेटी नाही, काही नाही. रस्त्यापलीकडे लूमची खटखट चालू होती आणि तिचा आवाज त्या खटखटीवरून थेट पलीकडे गेला. ती सूर जरा खालून धरायची, ओढत वर न्यायची, आणि जागेवर पोचायच्या आधी किंचित थांबायची. त्या थांबण्यात जीव जायचा माणसाचा. शिपाई दारात येऊन उभे राहिले. आमच्या कडक मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. माझ्या अंगावर काटा आला.

आणि मला राग आला. दुसरा शब्द नाही. चौदा वर्षांच्या पोरीचा राग — येतो का माणसाला? मला आला. रविवारमागून रविवार एसटीत उलट्या करून मला जे मिळालं नाही ते हिला लूमच्या कलकलाटात, फुकट?

माझ्या मनात जातबीत नव्हती, असं सांगायला मला आवडलं असतं. मग घरी आल्यावर मी ह्यांना "त्या वस्तीतलं गाणं" असं का म्हणाले? वकिलाच्या मुलीचं गाणं कुठल्या वस्तीतलं, हा प्रश्न मला कधी पडला होता?

दुसऱ्या आठवड्यात मी सुजाताला क्लासला बोलावलं. फी नको म्हटलं. माझ्या जाजमावर, माझ्या पेटीपाशी तिला बसवलं आणि गावभर माझं नाव झालं — बाई किती पुढारलेल्या! मी ते कौतुक घेतलं. "गळा चांगला आहे, नुसते संस्कार हवेत," असं म्हणायचे मी चारचौघांत. संस्कार! शब्दसुद्धा कसा शोधून काढला होता.

मी तिला काळी चारवर आणलं. तिच्या त्या ओढीला मी कणसूर म्हणायचे, म्हणजे सूर जागेवर नसणं. तो कणसूर नव्हता. कणसूर काय असतो ते मला झोपेतही कळतं. पोर गुणी, सांगेन तसं करायची. पण शुक्रवारी बापाच्या पार्टीत बसून आली, की सोमवारी पुन्हा गळा मोकळा सोडलेला. एकदा मला म्हणाली, "बाई, खाली गाते ना, तेव्हा मीच गातेय असं वाटत नाही." मी तिला सरगमीचे अलंकार पन्नास वेळा म्हणायला लावले.

इथवरचं सगळ्यांना ठाऊक आहे. पट्टी बदलली, शिस्त लावली — शिक्षक हेच करतात, आणि त्यासाठी कुणी मला बोल लावणार नाही. मी सांगायला बसले ते हे नाहीच. अजून तिथे येतच नाहीये मी, बघा.

एका संध्याकाळी काशीनाथराव तिला न्यायला आले. ड्युटीवरून थेट, खांद्याला पट्टा, हातात पक्कड. मी त्यांना आग्रहाने बसवलं. आत जाऊन चहा केला. बाहेर आले आणि सुजाताच्या देखत त्यांना सांगितलं, की कल्याणला माझ्या ओळखीची एक मुलगी होती. अशीच पुरुषांच्या पट्टीत गायची, अशीच गुणी. पंधराव्या वर्षी तिच्या घशात गाठी आल्या. ऑपरेशन झालं. आता गाणं तर राहोच, तिला आईला हाकसुद्धा मारता येत नाही. जवळ पाटी बाळगते, काय हवं ते लिहून दाखवते.

अशी मुलगी नव्हती. कल्याणला नव्हती, कुठेच नव्हती. चहा गाळताना ती मला सुचली. पाटी तर बोलता बोलता सुचली.

काशीनाथरावांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच. लेकीकडे बघत म्हणाले, "गाणं गेलं तरी चालंल बाई. पोरीची वाचा जायला नको. ह्या शुक्रवारपास्नं ती आमच्यात बसणार न्हाय." सुजाता रडली नाही. तिने गळ्याला हात लावून पाहिला — असा, दोन बोटांनी. हे मी अजून बघते.

ओरडून गायल्याने आवाज बिघडू शकतो, डॉक्टरही सांगतात, हे मला माहीत आहे. पण तिचा बिघडत नव्हता. जयंतीला तीन-तीन तास गाऊन दुसऱ्या दिवशी वर्गात खणखणीत हजेरी द्यायची ती. मुलींचे गळे ऐकण्यात माझं आयुष्य गेलं — मला कळत नव्हतं? कळत होतं म्हणूनच तर गोष्ट रचावी लागली.

आणि पुढे मी काय केलं? दुपारी शाळा नसली, की मी खिडक्या लावून तिची ती ओढ गळ्यावर चढवायला लागले. सूर खालून धरायचा, ओढायचा, पोचायच्या आधी थांबायचं. जे तिच्यात खोड म्हणून मोडत होते ते मी घरात चोरून शिकत होते. दोन वर्षं लागली. तिच्यासारखं आलं नाही, पण थोडं आलं. गणेशपुरीला एका उत्सवात मला भजनाला बोलवायचे. तिथे एकदा ते वापरलं, आणि समोरच्या बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. जन्मात पहिल्यांदा! एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ही जागा कुणाकडून घेतलीत हो? मी कानाला हात लावला आणि ठाण्याच्या बुवांचं नाव घेतलं. बुवांनी आयुष्यात असा सूर लावला नव्हता.

सुजाता मात्र संगीताच्या परीक्षा देत गेली. आवाज गोड, सरळ, बेताचा झाला. स्पर्धेत तिसरा नंबर यायचा, कधी उत्तेजनार्थ. काशीनाथरावांनी तिच्या जागी अंबाडीचा एक गाणारा आणला, तो वर्षभर टिकला. मग बोलावणी कमी झाली. पार्टी कॅसेटमुळे मोडली, असं लोक म्हणतात. लोकांत मीही तसंच म्हणते. आणि सुजाताच्या बापाने माझ्याविषयी कधी वावगा शब्द काढला नाही. उलट आळीतली वीज गेली, की त्याची शिडी आधी माझ्या दाराशी लागायची. मी खालून टॉर्च धरायचे. वरून तो म्हणायचा, "बाई, तुमचे उपकार हायेत." मी काय म्हणायचे? "अहो, त्यात काय!"

अठ्ठ्याण्णव साली काशीनाथराव गेले. हृदयविकार. सुजाता तेव्हा अंबाडीकडच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली होती. जलदान विधीला आणि शोकसभेला तिने मला स्वतः येऊन बोलावलं. नारपोलीत त्यांच्या घरासमोर मांडव होता. मला पहिल्या रांगेत खुर्ची. वंदना झाली, चार लोक बोलले, मग सगळे म्हणाले, सुजाताने बापाचं खांबाचं गाणं म्हणावं. जुने कोरसवाले मागे येऊन बसले, केस पिकलेले सहाही जण. पेटीवाल्याने सवयीने काळी एक धरली. तिने मान हलवली आणि स्वतः बोट ठेवून त्याला काळी चार दाखवली.

ती गायली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मांडवात कुणाला काही झालंही नाही. कोरसची ओळ आली तेव्हा ते सहा जण सुरू झाले, पण जन्मभर काळी एकमध्ये गाणारी माणसं ती — खाली जावं तर आवाज पोचेना, वर जावं तर चिरके. एक थांबला, मग दुसरा. शेवटी सगळेच गप्प. बापाचं गाणं लेकीने एकटीने पुरं केलं. बापाच्या माणसांना तिच्यासोबत गाता आलं नाही, आणि ते मी केलं होतं.

त्यांच्यातल्याच एकाने माइक घेऊन सांगितलं, बाईंनी पोरीचा गळा वाचवला, नाहीतर आज काय झालं असतं! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. हो, जोडले.

मांडव रिकामा होत आला तेव्हा सुजाता माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि खुर्चीपाशी खालीच बसली. म्हणाली, "बाई, एक विचारू? कल्याणच्या त्या मुलीचं पुढे काय झालं हो? बाबा शेवटपर्यंत तिची आठवण काढायचे. मला म्हणायचे, तू विचार बाईंना, मला धीर होत न्हाय. मी रोज वंदनेला बसले की तिच्यासाठी मागते. नाव माहीत नाही ना — कल्याणची ताई म्हणते."

अकरा वर्षं. रोज.

जवळपास कुणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, घाई नव्हती तिला. एक वाक्य बोलायचं होतं मला. आत्ता तुम्हाला सांगितलं तेच, तेवढंच. मी तोंडही उघडलं.

"तिचं लग्न झालं," मी म्हणाले. "एक मुलगा आहे. थोडं थोडं बोलते आता."

सुजाताचे डोळे भरून आले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि उठून बाकीच्यांना चहा द्यायला गेली.