काटेमावशीचा घास

पाला माशात मांसापेक्षा काटेच जास्त. शहाणी माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत. दातिवऱ्याची माझी मावशी मात्र गप्पा मारत, ताटाकडे न बघता पाला खायची आणि काटे ताटाच्या कडेला लावून ठेवायची. ‘माज्या गल्यात काटा अडकनार नाय,’ असं ऐटीत सांगायची. खरंच कधी अडकला नव्हता.

गावात कुणाच्या घशात काटा रुतला की त्याला तिच्याकडे धाडत, म्हणून ती काटेमावशी. ती सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावायची आणि दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवायची. गोळा खाली उतरला की म्हणायची, ‘गेला.’ माझं बोईसरला सोनोग्राफीचं क्लिनिक आहे. गोळ्याने काटा आणखी रुतू शकतो, हे सांगून मी तिच्यापुढे पुष्कळ डोकं फोडलं. ‘तू तुजं मशीन बघ,’ एवढंच उत्तर मिळायचं.

मग तिचाच घास अडकायला लागला. बाईने कुणाला सांगितलं नाही. गावाचे काटे काढणारीच्याच घशात काटा, हे कुठल्या तोंडाने सांगणार? चोरून भाताचे गोळे गिळत राहिली. ते उतरेनात तेव्हा केळं, मग नुसती पेज. अंगातला ब्लाउज लोंबायला लागला तेव्हा सुनेने तिला ओढतच बोईसरला आणलं.

‘काटाच हाय,’ टेबलावर आडवी होताना ती कुजबुजली. ‘दिसला तर गावात बोलू नको.’

मी तिच्या मानेवर डावीकडे मशीनचा प्रोब टेकवला. तिथे थायरॉइडच्या मागे अन्ननलिका दिसते. काटा नव्हता. मग तिला पाणी प्यायला सांगून प्रोब बरगड्यांखाली नेला. यकृताच्या आडून नलिकेचं खालचं टोक दिसतं. निरोगी माणसाचा घोट तिथून सरकन जठरात उतरतो. तिचा वरच थांबला होता आणि नलिकेची भिंत जाड झाली होती.

‘गेला काय गो?’ तिने विचारलं.

मी तिच्या पोटावरचं जेल पुसलं. एवढी वाईट वेळ त्या खोलीत माझ्यावर कधी आली नव्हती.

मुंबईत घशातून दुर्बीण घालून नलिकेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. मग दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीने तो किती खोल गेलाय ते पाहिलं. भिंत ओलांडून तो शेजारी पसरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. हे तिला मीच सांगितलं.

तिने एवढंच विचारलं, ‘म्हंजे काटा नाय ना?’

‘नाही, मावशी.’

‘मग बरं.’

मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. काटा नसल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

शेवटची भेटले तेव्हा तिला पोटात बसवलेल्या नळीतून पेज देत होते. तरी मी येणार म्हणून तिने सुनेला पाला रांधायला लावला होता. माझ्या ताटाशी बसून ती काटे काढत होती.

‘जेव.’

माझा घास तोंडातच फिरत राहिला. तिने दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. मी कसाबसा गिळला.

‘गेला,’ मावशी म्हणाली, आणि पुढच्या घासातले काटे काढायला लागली.