एक भाजलेली बट

२ मार्च. आजचं काम: सासूबाईंचा एक फोटो निवडून मोठा करायला देणे.

माझ्या धाकट्या दिरांइतका उन्हाला भिणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. स्वतः ते भर दुपारी उघड्या डोक्याने हिंडतात. भीती असते ती द्राक्षांची आणि फोटोंची. सायखेड्याला त्यांची बाग आहे. उन्हं तापायला लागली की वेलींच्या कडेने जुन्या साड्या बांधून ते घडांना सावली करतात. एका वर्षी साड्या बांधायला चार दिवस उशीर झाला आणि कडेच्या दोन ओळी भाजल्या. भाजलेला मणी तपकिरी पडतो, परत हिरवा होत नाही. हे त्यांच्या मनात जे बसलं ते बसलंच.

पुढे त्यांनी कॅमेरा घेतला. फोटो काढल्यावर जिथे उजेड जास्त होऊन नुसता पांढरा डाग उरतो, तेवढा भाग त्याच्या पडद्यावर काळा-पांढरा लुकलुकतो. दुकानदाराने ही सोय म्हणून दाखवली, भाऊजींनी हुकूम म्हणून घेतली. मला पडदा दाखवून म्हणाले, "वहिनी, हे भाजलं. इथं आता काहीच नाही." तेव्हापासून लुकलुकणारा फोटो ते जागच्या जागी पुसून टाकतात. चुलत पुतण्याच्या लग्नात पहिल्या रांगेतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना त्यांनी पांढऱ्या टोप्या काढायला सांगितल्या. कुणी काढल्या नाहीत, दोघं तर उठून जेवायला गेले. मग भाऊजींनी उजेडच इतका कमी केला की फोटोत टोप्यांची शिवण मोजता येते आणि टोपीखाली कोण आहे ते ओळखता येत नाही. नवरदेवाचा मामा कोणता यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. माझ्या घरच्या वास्तुशांतीला त्यांनी तांब्याच्या कलशावर रुमाल टाकून फोटो काढला. गुरुजींनी पुढचे मंत्र जरा जोरात म्हटले.

इथवर हसण्यावारी नेता आलं. पण सायखेड्याला भाऊजींकडे राहणाऱ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत आणि गुरुवारी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. भिंतीवर सासऱ्यांचा जो फोटो आहे तो कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात ते पकडलेल्या चोरासारखे दिसतात. सासूबाईंनी मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी गेल्यावर तुम्ही घाईत कायबी टांगाल. यांचा टांगला तसा. माझा मला आधी बघू द्या." कुणीतरी म्हणालं, असं बोलू नये. त्या म्हणाल्या, बोलू नको तर काय, टांगल्यावर सांगू?

म्हणून काल भाऊजी कॅमेरा घेऊन नाशिकला आले. जेवणं झाल्यावर मी टेबल पुसलं आणि सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. आईंचे दोनशेच्या वर निघाले. पांढऱ्या केसांचा एकेक धागा दिसत होता. खाली चेहरा मात्र दिव्याकडे पाठ करून बसलेल्या माणसासारखा. मी दोन-तीन उजळून पाहिले, तर गालांवर रवा सांडल्यासारखे ठिपके आले.

जरा उजेडातले कुठे आहेत, असं मी विचारलं. भाऊजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"काढून टाकले. एकात ती हसत होती. पण कपाळावरचे केस लुकलुकत होते."

समजूत घालणं मला जमत नाही. मी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका उघडली. ती त्यांनी प्लास्टिकमधून बाहेरसुद्धा काढलेली नव्हती. लुकलुकण्याचा इशारा फक्त जागा दाखवतो. ती जागा तुम्हाला हवी आहे का ते तुम्ही बघायचं, एवढंच त्यात होतं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, भाजलेलं परत येत नाही.

"नाही येत. पण त्या वर्षी तुम्ही बाग तोडून टाकलीत का?"

चष्मा परत लावत ते म्हणाले, "भाजलेले मणी कात्रीने काढले. घड विकले."

मी म्हटलं, मग सकाळी निघू.

आज सकाळी आठला आम्ही सायखेड्यात होतो. आईंना अंगणात खुर्चीवर बसवलं तर उन्हाने डोळे मिटायला लागले. मी बागेत जाऊन वेलीवरची एक विटलेली सुती साडी सोडून आणली आणि कपड्यांच्या दोरीवरून त्यांच्या डोक्यावर ताणून बांधली. आईंनी वर पाहिलं, पदर चिमटीत धरून पाहिला.

"ही तर माझीच हाय. मला न विचारता घडांना नेसवली व्हय रं?"

भाऊजी म्हणाले, "घडांचं झालं. आता तुझी पाळी."

त्या हसल्या. भाऊजींनी बटण दाबलं. पडद्यावर सुरकुत्यांसकट, समोरच्या पडलेल्या दातासकट आई होत्या, आणि साडीच्या सावलीतून सुटलेली कपाळावरची एक बट लुकलुकत होती. भाऊजींचा अंगठा सवयीने पुसायच्या बटणावर गेला. तिथेच थांबला. दाबला नाही, उचललाही नाही.

मी कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आईंसमोर धरला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "हा टांगा," म्हणाल्या.

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं, साडी सोडून, घडी घालून भाऊजींच्या हातात दिली आणि नाशिकची गाडी पकडली. स्टुडिओ उघडायला अजून वेळ होता. पायरीवर बसून राहिले.