राक्षसांची गिटार

सेतुभावोजींना लाकूड दिसलं की ते त्यावर टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. मग ते दार असो, पोळपाट असो, नाहीतर शेजाऱ्यांची नवी खुर्ची. मी लग्न होऊन मिरजेकडून कुंभकोणमला आले, त्या दिवशी मला बसायला पाट मांडला होता. मी बसणार तोच माझ्या यजमानांचे हे धाकटे भाऊ लगबगीनं पुढे आले, पाटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "थांबा वैनी. हा पाट बद्द वाजतो. याच्यावर बसाल तर जन्मभर तुमच्या सांबारात मीठ कमी पडेल." सगळे हसले. मी मान खाली घालून उभीच राहिले. त्यांनी आतून दुसरा पाट आणला, तो वाजवून पाहिला, तेव्हा कुठे मला बसायला मिळालं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तमिळचा एक शब्द येत नव्हता. सासरची माणसं मराठीच, पण पिढ्यान्पिढ्या तिकडची, त्यांची मराठी माझ्या पणजीनं बोलावी तशी, आणि मधेच तमिळ. मी बोलले की नणंदा तोंडाला पदर लावत. मग मी बोलणंच सोडलं. भावोजी एकदा भाजी निवडताना माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "वैनी, तुम्ही बोलत नाही ते बरंच आहे. या घरात सगळे बोलणारे. ऐकणारं कोणी नव्हतं." त्या दिवसापासून दिवसभरातलं सगळं ते मला सांगू लागले. मी मान हलवायची.

त्यांचे उद्योग दोन. सकाळी बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान, आणि संध्याकाळी एका लाइट म्युझिकच्या मंडळीत गिटार. देवळांच्या उत्सवात, लग्नात या मंडळीची कचेरी, म्हणजे गाण्याचा कार्यक्रम, असे. दुकानात कपाटाएवढं एक यंत्र होतं. त्यात टीव्ही, समोर एक दांडा आणि दोन लाल बटणं. पडद्यावर राक्षसांच्या रांगा वरून खाली उतरत आणि खाली आपली एकटी तोफ. खेळणाऱ्याला तीन जीव मिळत. भावोजी जगातल्या प्रत्येक गोष्टीला तेच लावत. माझं वरण करपलं, सासूबाईंचा पापड बिघडला, की म्हणत, "पहिला जीव उगाच जातो. दुसरा घाईत जातो. तिसऱ्यावर माणूस खेळायला शिकतो."

पुढे लोकांच्या घरीच टीव्हीला जोडायचे खेळ आले. दुकानात कोणी फिरकेना आणि यंत्रही बंद पडलं. त्याच सुमारास मंडळीच्या मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, भावोजी वाजवत ती गिटार कारैक्कालच्या अरुल नावाच्या तरुण वादकाला दिली. गिटार मुदलाळींची, भावोजी काय बोलणार? "दोघंही वाजवा की," मुदलाळी म्हणाले, "पण दुसरी गिटार माझ्याकडे नाही."

माझ्या यजमानांनी भावासाठी कोइंबतूरच्या एका गिरणीत कारकुनी ठरवून ठेवली होती. ते म्हणाले, "तिरुनागेश्वरमच्या उत्सवातली कचेरी होईपर्यंत थांबतो. त्यांनी तुला घेतलं तर राहा. नाहीतर मुकाट्यानं कोइंबतूरची गाडी धर. तारा खाजवून पोट भरत नाही."

"तारा खाजवत नाहीत अण्णा, गोंजारतात," भावोजी म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते वीणा करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून फणसाचं लाकूड घेऊन आले आणि मागच्या ओसरीत गिटार करायला बसले. मुदलाळींची गिटार परत देण्याआधी तिचं सगळं माप त्यांनी वर्तमानपत्रावर उतरवून ठेवलं होतं. गिटार विजेवरची, म्हणून तारांचा आवाज उचलायला टेलिफोनच्या जुन्या घंटीतली केसाहून बारीक तार चुंबकाभोवती गुंडाळायची होती. ते काम माझ्या शिलाई मशीनवर झालं, बॉबिन भरायच्या चाकावर. मी पाय हलवायचा, त्यांनी तार धरायची. तार तुटली की म्हणत, "वैनी, तुमचा पाय रागावला आहे. आज अण्णा काही बोलला का?" मी हसायची आणि तार पुन्हा तुटायची.

बंद पडलेल्या यंत्राची लाल बटणं आणि दांडा त्यांनी काढून घेतला. आवाज कमीजास्त करायला दांडा, सूर जाड-बारीक करायला बटणं. "दुकान माझं मेलं नाही वैनी," ते म्हणाले, "गळ्यात घालून फिरणार आहे मी त्याला." पण गिटारवर बसवायचे खेळातले राक्षस काही त्यांना काढता येईनात. त्यांचे राक्षस बटाट्यासारखे होत. एक दिवस पाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "टीव्हीतला राक्षस ठिपक्यांचाच असतो. रोज सकाळी दारात ठिपके कोण घालतं? तुम्ही. मग हे काम कोणाचं?"

मी पाटीवर काढलं नाही. मला हात बसवायला जमीन लागते. पहाटे दारात सडा घातला, तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडले आणि रोजच्या कोलमऐवजी, म्हणजे रांगोळीऐवजी, राक्षसांची रांग काढली. ठिपका भरायचा किंवा सोडायचा, एवढंच. नेमका शुक्रवार होता. सासूबाईंनी दार उघडलं.

"अय्यय्यो! लक्ष्मीच्या वाटेवर ही भुतं कोणी बसवली?"

मी पिठाची वाटी पदराआड लपवली. भावोजी आतून धावत आले. "आई, नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड टांगतात की नाही? वैनींनी अख्खी फौज उभी केली."

"आणि लक्ष्मी कुठून येणार?"

"मधून. बघ, वाट सोडली आहे."

सासूबाईंनी वाकून पाहिलं. मधे खरंच जागा होती. "सेरि," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि एकेका राक्षसाला हळदकुंकवाचं बोट लावून आत गेल्या. मग वीणेवर नक्षीला वापरतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे कापून भावोजींनी माझे राक्षस काळ्या गिटारवर जसेच्या तसे बसवले. मी काढलेलं काही पुसलं गेलं नाही, असं ते पहिल्यांदाच झालं.

गिटारची लांब दांडी कोरताना पटाशी निसटली. डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटावर खोल वार बसला. टाके घालून आले आणि कापड बांधून पुन्हा कामाला बसले. सासूबाई म्हणाल्या, "पोदुम सेतु, पुरे." त्यांनी हात हलवला. "कातडीच कापली आई. तार काय, कातडीनं वाजते?"

पण मी पाहत होते. आमच्याकडे कॉफी पेल्यात आणि डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत देतात. भावोजी पेल्यातून डबऱ्यात हातभर लांब धार धरत, कॉफी निववत आणि खाली एक थेंब सांडू देत नसत. आता ते डबरा तसाच ठेवून पेल्यातूनच गरम कॉफी प्यायचे. डाव्या हातानं डबरा पेलवत नव्हता. मी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनाही कळलं की मला कळलं आहे.

तिरुनागेश्वरमला आम्ही सगळे गेलो. देवळाच्या रस्त्यावर मांडव, समोर बायकांच्या चटया. भावोजी गिटार घेऊन उभे राहिले तशी मुलं ओरडली, "अरे, राक्षस बघ! दांडा बघ!" पहिलं गाणं संथ होतं. सुरेख झालं. यजमानसुद्धा मान डोलवत होते. दुसरं गाणं वेगाचं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण गरम भांडं चिमट्याशिवाय उचलताना माणसाचा खांदा जसा वर जातो तसा त्यांचा जायला लागला. तिसरं बोट मागे पडत होतं. ऑर्गनवाल्यानं सांभाळून घेतलं. मुदलाळींनी एकदा वळून पाहिलं, मग पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत मुदलाळी त्यांच्याकडे येण्याआधीच भावोजींनी गिटारचा पट्टा काढला आणि अरुलच्या गळ्यात घातला. मी पुढेच बसले होते, मला ऐकू आलं. "जरा हिला वाजव," ते म्हणाले. "मी हिला समोरून कधी ऐकलं नाही."

आणि खाली उतरून बायकांच्या चटईपाशी, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अरुल वाजवायला लागला. ते एवढंसं पोरगं, पण बोटं पाण्यासारखी. मांडवातली कुजबुज थांबली. भावोजींनी डावं बोट उजव्या मुठीत धरलं होतं.

"बघा वैनी, कशी बोलते," ते म्हणाले.

मी इतक्या वर्षांत त्यांना स्वतःहून काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण ऐकू तर द्या आधी."

दुसऱ्या दिवशी मुदलाळी घरी आले. गिटार मंडळीत राहू दे म्हणाले, आणि भावोजींनीही राहावं. वायरी, सूर, दुरुस्ती बघायला माणूस हवाच होता. "आणि वाजवायला?" यजमानांनी विचारलं. मुदलाळी कॉफी निववू लागले. भावोजीच म्हणाले, "अण्णा, कोइंबतूरला नाही म्हणून कळव. गिरणीला चांगला कारकून मिळेल. हिच्या तारा कोणी माझ्यासारख्या ओढणार नाही."

पुढे त्यांनी दुसऱ्या मंडळींसाठीही गिटारी केल्या. एकीवर मोटारींची शर्यत, एकीवर उड्या मारणारं माकड. सगळ्या टीव्हीतल्या खेळांसारख्या, चौकोनाचौकोनांच्या, चित्रं माझीच. पण ती पहिली काळी गिटार अरुलजवळच राहिली. भावोजी गेले ते एका दुपारी, ओसरीत काम करता करता, हृदय बंद पडून. त्यांचं वय काही फार नव्हतं.

मंडळीत ते होते तोवर जवळपास कुठेही कचेरी असली, की मी सासूबाईंना घेऊन लवकर जात असे. मांडवात तेव्हा कोणी नसे. खुर्च्या लावणारे, विजेच्या माळा बांधणारे, एवढेच. भावोजी गिटार घेऊन बसायचे आणि सूर लावायचे. तार ओढायचे, ऐकायचे, पुन्हा ओढायचे. सूर केव्हाच लागलेला असे, हे आता मलाही कळू लागलं होतं. तरी ते सोडायचे नाहीत. मग हळूच एखादं गाणं यायचं, संथ, तिसऱ्या बोटाचं काम नसलेलं. माळा बांधणारे आपलं काम करत राहायचे. ऐकणाऱ्या आम्ही दोघीच. लोक यायला लागले की भावोजी उठून गिटार अरुलच्या हातात देत, आणि मी सासूबाईंचा हात धरून घरी निघत असे. माझी कचेरी तेवढ्यात झालेली असे.