विमान उभं राहिलं तेव्हा

परवा सुताराकडे गरम सरसाचा वास आला आणि मी ऐंशीच्या दशकातल्या बल्लारपूरच्या आमच्या अंगणात पोहोचले. हवाई दलाच्या भरतीत दादा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला होता. परत आल्यापासून तो सागाचं हातभर विमान कोरत, सरसाने चिकटवत बसायचा. पण तीन चाकांवर ठेवलं की ते शेपटीवर बसायचं, नाक आभाळाकडे.

"समोर वजन कमी आहे," म्हणत त्याने मासोळीच्या जाळ्याचे शिशाचे मणी नाकातल्या पोकळीत एकेक भरले. बोटांनी चाचपडत. शेवटी पुढचं चाक अलगद जमिनीला टेकलं.

"राह्यलं का उभं?" त्याने विचारलं.

"तुह्या समोरच तं आहे! दिसून नाई राह्यलं का?" मी हसले.

भर दुपारचं ऊन होतं. त्याने हात पुढे करून चाकं चाचपली.

"नाई राह्यलं दिसून. आईले सांगू नको."

नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं की बरं होईल, असं मला तेव्हा वाटलं. वर्षभरात त्याची नजर पूर्ण गेली. नजर जाणार, हे भरतीच्या डॉक्टरांनी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून तर त्याला ते विमान करायची एवढी घाई होती.