कोंबडीचं एकटं लुगडं

नातीची पीएचडीची मुलाखत होती. माझ्या मुलानं तिला बजावून ठेवलं होतं, "बेटा, या वेळी नाही झालं तर चुपचाप यूपीएससीला बस." तो सरकारी अधिकारी. इथं दिल्लीत आमच्या ओळखीत सगळ्यांची पोरं तीच परीक्षा देतात. हिला मात्र पक्ष्यांचा नाद.

आदल्या संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, तुला समजलं तर सगळ्यांना समजेल."

"म्हणजे सगळ्यात मठ्ठ मी?"

"तसं नाही गं, यार!"

मी चौथी पास. ऐकत बसले. नर की मादी हे गुणसूत्रांच्या एका जोडीवर ठरतं म्हणे. कोंबड्याकडे दोन्ही मोठी, सारखी. कोंबडीकडे एक मोठं, एक छोटं. ते छोटं आईकडून फक्त लेकीला जातं. फार पूर्वी दोन्ही सारखीच होती. मग त्यांच्यातली देवाणघेवाण थांबली आणि एक झिजत गेलं.

"देवाणघेवाण थांबली म्हणून झिजेल कशाला?"

ती गडबडली. आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत.

"काही कळलं नाही. उद्या हेच करणार असशील तर बापाची यूपीएससीची पुस्तकं आत्ताच उघड."

रडवेली झाली. मी समजूत काढली नाही. "हळू सांग."

"जोडीतली दोन्ही एकमेकांत तुकडे बदलतात. एकाचा खराब तुकडा असेल तर दुसऱ्याचा चांगला घेता येतो."

"म्हणजे दांड भरतात."

"वो क्या?"

हिला शब्दच ठाऊक नाही. सांगितलं. दोन लुगडी विरली की विरलेला भाग कापून टाकायचा, दोन्हींतले चांगले तुकडे जोडायचे, एक धड लुगडं होतं. माझ्या आईनं कायम तशीच नेसली. "कोंबड्याकडे दोन लुगडी, त्याला दांड भरता येतं. कोंबडीचं ते छोटं एकटं. विरलं की विरलं."

"बिल्कुल, आजी!"

"मग पार संपलं का नाही?"

"ज्याच्याशिवाय भागतच नाही, तेवढं बहुतेक टिकून राहिलं."

"मग हे आधी सांग ना."

सकाळी माझी दोन जुनी पातळं पिशवीत घालून ती द्वारकेहून मेट्रोनं गेली. पुढच्या आठवड्यात निवड झाल्याचं कळलं.

मुलगा म्हणाला, "अच्छा. म्हणजे आता वर्षानुवर्षं कोंबड्या?"

"तुझी अख्खी नोकरी फायलींत गेली. मी कधी काही बोलले?"

तो हसला आणि मिठाई आणायला गेला. पातळं मात्र पोरीनं परीक्षकांसमोर खरोखरच कापली होती. शेवटी सुईदोरा मलाच घ्यावा लागला.