चार्ज देऊन उतरलेली कॅप्टन

कोल्हापूरहून दुपारी सुटणाऱ्या गोंदियाच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ कांदा-लसूण चटणीची बरणी होती, बहिणीसाठी गुळाची ढेप होती आणि भाचीसाठी एक जुना फोटो होता. फोटोत मी आहे. वय तेवीस, दंडावर कॅप्टनची पट्टी, उजव्या गुडघ्याला करकचून बांधलेलं फडकं आणि मागे माणसांनी भरलेलं मैदान. आमच्या पेठेच्या संघाची ती फायनल. पूर्वार्धातच माझा गुडघा गेला, तरी मी मैदान सोडलं नाही. आम्ही एका गोलनं हरलो, पण गुडघा बांधून शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या कॅप्टनची गोष्ट पेठेत राहिली. ती विझू नये याची काळजी गेली चाळीस वर्षं मुख्यतः मीच घेतोय.

भाचीचा, पल्लवीचा, फोन आला म्हणून निघालो होतो. धाकटी बहीण सुमन लग्न होऊन भिलाईला गेली, तिची ही सतरा वर्षांची लेक. “मामा, आमी फायनलमध्ये पोचलो. मी कॅप्टन आहो. राज्याच्या टीमचे सिलेक्टर येणार आहेत पाहाले. पुढच्या वर्षी मी वयात नाई बसत, हा लास्ट चान्स आहे. तुमी या ना!” आता फुटबॉलच्या कॅप्टननं बोलावलं आणि कोल्हापूरचा माणूस गेला नाही, असं कसं होईल? कॅप्टन कसा असावा हे तिला चार दिवसांत शिकवावं, असा माझा बेत होता.

एक अख्खी रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस गाडीत गेला. गोंदियाला मुक्काम केला आणि सकाळी दुर्गकडे जाणारी गाडी धरली. डोंगरगडचा डोंगर मागे पडला की दोन्ही बाजूंना कापलेल्या भातशेतांची सपाटी सुरू होते, बांधाबांधावर बाभळी. उसाच्या मुलखातल्या माणसाला एवढं मोकळं रान बघून जरा चुकल्यासारखं होतं. दुर्गला उतरलो. सुमनचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, अकराला न्यायला येणार होते. बारा वाजले. साडेबारा वाजले. फोन उचलेनात. डिसेंबरच्या सौम्य उन्हातसुद्धा माझं डोकं तापायला लागलं.

पाऊण वाजता दाजी स्कूटरवरून आले. पायात पोलादी टोपीचे जाड बूट, अंगावर कारखान्याचा निळा सदरा.

“माफ करा दादा, रातपाळी सकाळीच संपली, पण रिलीव्हर वेळेवर नाई आला,” ते म्हणाले.

“कोण?”

“रिलीव्हर. माह्या जागेवर पुढच्या शिफ्टले येते तो. तो आल्याशिवाय जागा सोडता येत नाई न जी. तो आला, त्याले चार्ज देल्ला, मंग निघालो.” चार्ज देणे म्हणजे आपलं काम पुढच्याच्या ताब्यात देणे: कोणतं यंत्र कुरकुरतंय, कुठे तेल गळतंय, कशावर नजर ठेवायची, सगळं तोंडानं सांगून.

मी स्वतः फाउंड्रीत पस्तीस वर्षं काढली आहेत. शिफ्ट आम्हालाही होत्या, पण भोंगा वाजायच्या पाच मिनिटं आधीच आम्ही साबण घेऊन नळावर असायचो. पाहुणा स्टेशनवर ताटकळत ठेवून यंत्राजवळ उभा राहणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. मी फुगून मागे बसलो. वाटेत दाजी हात लांब करून पोलाद कारखान्याच्या चिमण्या दाखवत होते. “तुमी ज्या रुळावरून आले ना, तो आमच्याच मिलमध्ये लाटला असंन,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की माझा राग थोडा उतरला.

भिलाईची टाउनशिप पाहून तो पूर्ण उतरला. सरळ रुंद रस्ते, दुतर्फा मोठी झाडं, एकसारखी क्वार्टरं आणि प्रत्येकापुढे हातभर बाग. सुमनच्या दारात पेरू लगडलेले. तिनं फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवून फोडणी दिलेल्या वळ्या) आणि टोमॅटोची चटणी पुढे ठेवली. मी मुकाट्यानं पिशवीतली बरणी काढली.

“दादा, पंचवीस वर्षं झाली, मी इथलं खाऊन जिवंत आहे ना?” सुमन हसून म्हणाली. माझ्या चटणीशी फरा असा काही जमला की मी तिसऱ्यांदा वाढून घेतला.

संध्याकाळी पल्लवी मला खुर्सीपारच्या मैदानावर घेऊन गेली. खुर्सीपार म्हणजे कारखान्याला खेटून असलेली दाट वस्ती. लहान दुकानं, सायकली, कढईतल्या भज्यांचा वास, आणि मधोमध मुरमाचं लाल मैदान. पोरी चपळ होत्या. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, मराठी, सगळ्या हिंदीत एकमेकींवर ओरडत होत्या. माझी भाची मात्र फार ओरडत नव्हती, आणि मला ते खटकलं. कॅप्टनचा आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला पाहिजे, अशा शाळेतला मी.

सराव संपल्यावर तर ती एका पोरीला घेऊन गोलपोस्टाखाली वीस मिनिटं बोलत बसली. पोरीचं नाव दुलारी. जवळच्या उतई गावच्या शेतकऱ्याची मुलगी, रोज तिथून सायकल मारत यायची. संपूर्ण स्पर्धेत बाकावर बसलेली राखीव खेळाडू.

“कसल्या गप्पा मारत होतीस एवढ्या?” मी विचारलं.

“गप्पा नाई मामा, चार्ज देऊन राहिली होती. ती माही रिलीव्हर आहे.”

मला हसूच आलं. “अगं, कारखाना आहे का हा? कॅप्टनला रिलीव्हर नसतो!” आणि घरी गेल्यावर मी फोटो काढला. गुडघ्याची गोष्ट रंगवून सांगितली. तिसऱ्यांदा पडलो, तिसऱ्यांदा उठलो, बाकावरच्या वसंतानं तीनदा बूट बांधले आणि मी तीनदा त्याला हातानंच खाली बसवलं, वगैरे. सुमनला गोष्ट पाठ होती, ती भाजी निवडत राहिली. पल्लवीनं फोटो नीट पाहिला, मग सहज विचारलं, “मंग तो गोल कोणाच्या साइडनं झाला मामा?”

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. “गोल काय, कुठूनही होतो,” मी म्हणालो, आणि फोटो पिशवीत ठेवून दिला. त्या दिवशी मी तिच्यावर उगीचच दोनदा डाफरलो. पाणी गार आहे म्हणून एकदा आणि टीव्हीचा आवाज मोठा आहे म्हणून एकदा.

फायनल रविवारी दुपारी तीनला, त्याच मैदानावर, रिसालीच्या संघाशी. दाजींची सकाळची शिफ्ट दोनला संपणार होती, पण तीनपर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. “आला नसंन रिलीव्हर,” पल्लवी बूट बांधता बांधता म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता तिच्या बोलण्यात. मंडपात सिलेक्टर बाई वही घेऊन बसल्या होत्या. सुमन मागे बायकांत बसली, मी टचलाइनला, आमच्या बाकाच्या अगदी शेजारी जागा धरली.

पल्लवी काय खेळली म्हणून सांगू! मधल्या फळीत ती एकटी तीन पोरींचं काम करत होती. विसाव्या मिनिटाला तिनं दिलेल्या पासवर आमचा गोल झाला आणि मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली. “मेरी भांजी है!” मी त्यांना सांगितलं. त्यानंतर तिनं चेंडूला पाय लावला की दर वेळी सांगितलं. सिलेक्टर बाई लिहीत होत्या, तेही मी पाहून ठेवलं होतं.

उत्तरार्धात रिसालीच्या नऊ नंबरच्या पोरीशी टक्कर झाली आणि पल्लवीचा घोटा वळला. ती उठली, धावली, पण पाऊल टेकताना तोंड वेडंवाकडं होत होतं. नऊ नंबर एकदा तिला चुकवून गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा चेंडू खांबाला लागला म्हणून आम्ही वाचलो. वीस मिनिटं शिल्लक होती. चेंडू बाहेर गेला आणि पल्लवीनं बाकाकडे पाहून हात वर केला. दुलारी उभी राहिली. तिचे बूट आधीच बांधलेले होते.

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “उतरू नकोस! पल्लवी! सिलेक्टर बघतायत! उभी रहा नुसती!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला ऐकू आलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते घोट्याचं नव्हतं हे मला कळत होतं. ती लंगडत लाइनपर्यंत आली, दंडावरची पट्टी काढून दुलारीच्या दंडावर चढवली आणि भराभर सांगायला लागली.

“सुन, नौ नंबर हमेशा अपने राइट से मुडती है, लेफ्ट पाँव है ही नहीं उसके पास, तू पहले से उधर खडी रह. गोलकीपर का अंगूठा दुख रहा है, उसको बॅकपास जोर से मत देना. उस कोने में मुरुम नरम है, बॉल रुकता है, वहाँ मत फँसना. और नेहा पर आज चिल्लाना मत, घर से डाँट खा के आई है.”

“हव दीदी (हो ताई), मैं देख लेहूँ,” दुलारी म्हणाली. पंचांनी शिट्टी वाजवून घाई केली. पल्लवीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि तिला आत ढकललं.

मी उभाच राहिलो. घोटा वळलेला असतानाही नऊ नंबर कुठे वळते हे या पोरीला माहीत होतं. गोलकीपरचा अंगठा तिला माहीत होता. कोणाला घरी बोलणी बसलीत हेही तिला माहीत होतं. आणि अशी माहिती ती बाकावरच्या एका पोरीला रोज वीस-वीस मिनिटं देत आली होती. आज तिला फक्त शेवटची भर घालायची होती. मी माझ्या फायनलच्या दिवशी वसंताला काय सांगितलं होतं? “बस खाली,” एवढंच.

पल्लवी बाकावर बसली नाही. एका पायावर लाइनला उभी राहिली, शेवटपर्यंत. सामना संपायला चार-पाच मिनिटं असताना नऊ नंबर पुन्हा सुटली. दोघींना मागे टाकून ती गोलसमोर आली आणि उजवीकडे वळली. तिथे दुलारी आधीच येऊन उभी होती. तिनं पाय घातला, चेंडू काढला आणि थेट नेहाकडे मारला. मैदानात जो गलका झाला त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, याचे साक्षीदार शेजारचे गृहस्थ आहेत.

आम्ही एक-शून्य जिंकलो. सिलेक्टर बाई खाली आल्या आणि पल्लवीलाच त्यांनी विचारलं, “वो बाद में आई, उस लडकी का नाम?” पल्लवीनं दुलारीचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं नीट सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. पल्लवीचं नाव त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या गेल्यावर पल्लवी टॉवेलमध्ये तोंड घालून रडली. मी तिच्या शेजारी बसलो. शिकवायला आलेलो मी तिच्या बुटाच्या नाड्या सोडवायला लागलो.

तेवढ्यात दाजी आले. तेच जाड बूट, तोच सदरा. सुमननं त्यांना सगळं सांगितलं: घोटा, उतरणं, सिलेक्टर, दुलारी. त्यांनी ऐकून घेतलं, लेकीपुढे उकिडवे बसले आणि घोटा हातात धरून विचारलं, “चार्ज देऊन उतरली ना?”

“हो बाबा. पूरा.”

“मंग बरोबर आहे.” एवढंच बोलले. पण उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तेवढा स्कूटरवर रुळांबद्दल बोलतानाही त्यांच्या आवाजात नव्हता.  दुलारीची सायकल उतईच्या रस्त्याला लागेपर्यंत पल्लवी मैदानावरून हलली नाही, आणि तोवर आम्ही तिघंही नाही.

निघताना सुमननं ठेठरी (बेसनाची तळलेली खारी कडबोळी) डबाभर दिली. पल्लवी पायाला पट्टी बांधून स्टेशनवर आली होती. “तो फोटो मले देणार होते ना तुमी?” तिनं विचारलं.

“देतो पुढच्या वेळी. आधी एकाला दाखवायचा आहे,” मी म्हणालो.

कोल्हापूरला उतरून पिशवी घरी टाकली आणि तसाच वसंताकडे गेलो. तो ओसरीवर पेपर वाचत होता. फोटो त्याच्यापुढे ठेवला. “वसंता, त्या फायनलचा गोल माझ्या बाजूनं झाला. मला वळताच येत न्हवतं. तुला उतरवायला पाहिजे होतं.”

वसंतानं पेपरची घडी घातली. “म्हाईत हाय की मला. बूट बांधूनच बसलो हुतो न्हवं,” तो म्हणाला.  मी भिलाईची सगळी हकिकत सांगितली. दुलारीनं चेंडू काढला तिथे तो पुढे सरकून बसला.

“परत सांग,” तो म्हणाला.

“गोलचं?”

“न्हाई रं. उतरताना तुझ्या भाचीनं त्या पोरीला काय काय सांगितलं, ते.”

मी खुर्ची ओढून घेतली आणि नऊ नंबरपासून सांगायला लागलो. या वेळी काहीही गाळलं नाही.